काळं अस्वल आणि धुरात हरवलेली पावलं

नमस्कार, श्रोतेहो.

आज मला चित्रांबद्दल बोलायचंय, तेही रेडिओवरून. तेव्हा एक चित्र तुम्हालाच मनात उभं करावं लागेल. पानभर पांढरा बर्फ. त्या बर्फात हातात धनुष्य घेतलेली एक मुलगी, अगदी बोटाच्या पेराएवढी. आणि तिच्यावर चालून आलेलं एक प्रचंड अस्वल. त्याचा पंजा कुठे संपतो आणि रात्र कुठे सुरू होते, ते सांगता येत नाही. सगळी शाई एकदम पानावर लोटून दिल्यासारखी वाटते.

अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीच्या ‘द न्यू म्युटंट्स’ या कॉमिक्सच्या मासिकाच्या १८ व्या अंकातली ही गोष्ट. अंकावर ऑगस्ट १९८४ छापलंय. लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार बिल सिंकेविच. ती मुलगी म्हणजे डॅनी मूनस्टार, शायेन या मूलनिवासी जमातीतली. आईवडिलांना त्या अस्वलानं नेलं असं तिच्या मनानं घेतलंय, आणि ती एकटी त्याच्याशी लढायला बाहेर पडते.

हे मासिक १९८३ मध्ये सुरू झालं. सुरुवातीला बॉब मॅक्लाउड आणि मग सॅल ब्युसेमा यांची चित्रं असायची. दोघांचा हात स्वच्छ. कोण कुठे उभं आहे, कोणाचा चेहरा कुठला, हे एका नजरेत कळायचं. शब्द न वाचता नुसती पानं उलटली तरी गोष्ट समजायची. वाचकांना गोष्टीतल्या शाळकरी पोरांचे चेहरे घरच्या माणसांसारखे पाठ झाले होते. आणि सिंकेविच आला तसे एका महिन्यात तेच चेहरे ताणलेले, ओरखडलेले, शाईच्या शिंतोड्यांत अर्धे बुडालेले समोर आले.

वाचक दुभंगले. त्या काळी मासिकात वाचकांच्या पत्रांचं एक पान असायचं, तिथेच ही भांडणं व्हायची. एका बाजूला ‘असं कॉमिक्समध्ये आजवर पाहिलंच नव्हतं’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘आमची पोरं आम्हाला ओळखू येईनात’ म्हणणारे. या दुसऱ्यांचा मला राग येत नाही. ज्याला एखाद्या पात्राचा लळाच नाही, तो त्याच्या नाकाचा आकार बदलला म्हणून पत्र लिहायला बसत नाही.

पण सिंकेविचची बाजूही सांगायला हवी. आधी ‘मून नाइट’ हे मार्व्हलचंच दुसरं कॉमिक काढताना त्याची रेषा नील अ‍ॅडम्स या मोठ्या चित्रकाराच्या इतकी जवळची होती, की लोक त्याला नक्कल करणारा म्हणायचे. म्हणजे शरीररचना, छायाप्रकाश, कपड्यांच्या घड्या, सगळं त्याला येत होतं. येत असलेलं बाजूला ठेवून त्यानं वेगळं काढलं. त्याच १८ व्या अंकात वॉरलॉक नावाचा परग्रहावरचा एक जीव येतो. घाबरलेला, पळून आलेला, दर क्षणी आकार बदलणारा. सिंकेविचनं त्याचं अंग काळ्या आणि पिवळ्या तुटक रेषांचं केलं, विजेच्या तारांचा गुंता सुटून चालायला लागावा तसं. त्याची भीती कळायला त्याचे डोळेही बघावे लागत नाहीत, ती रेषेतच थरथरते. ही पानं मी कितीदा पाहिली असतील, मोजलेलं नाही. दर वेळी जीव गलबलतो.

आता त्याच मासिकाकडे सहा वर्षांनी बघू. १९९० च्या सुरुवातीला, ८६ व्या अंकापासून, तिथे रॉब लिफेल्ड हा बावीस वर्षांचा मुलगा चित्रं काढायला लागला. ८७ व्या अंकात केबल हे नवं पात्र आलं, ९८ व्या अंकात डेडपूल. १०० व्या अंकाला ‘द न्यू म्युटंट्स’ बंद झालं आणि त्याच्या जागी १९९१ मध्ये ‘एक्स-फोर्स’ निघालं. त्याच्या पहिल्या अंकाच्या सुमारे पन्नास लाख प्रती खपल्या. त्यात एक गोम होती. अंक प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत होता आणि आत पाचांपैकी एक कार्ड होतं. सगळी कार्डं हवीत म्हणून कित्येकांनी एकच अंक पाच-पाचदा घेतला. तरीही मुलं लिफेल्डच्या चित्रांवर लट्टू होती, हे खरंच आहे.

आणि ज्यांना ती आवडली नाहीत, त्यांना मनापासून आवडली नाहीत.

मी चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवतो. माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट, हे मी इतक्यांदा फळ्यावर काढलंय की झोपेतही काढीन. हे माप घेऊन लिफेल्डच्या पानासमोर बसलं की काही जुळत नाही. डोकं इवलंसं, मांड्या खांबासारख्या. दात आवळलेले आणि मोजायला गेलं तर फारच जास्त. कमरेला, मांडीला, दंडाला पाऊच. आणि पावलं? ती धुरात, दगडामागे नाहीतर चौकटीच्या बाहेर. १९९६ मध्ये त्यानं काढलेला कॅप्टन अमेरिका तर सगळ्यांना माहीत आहे. एका बाजूनं दिसणारी छाती इतकी पुढे आलीय, की त्या देहात फुप्फुसं कुठे बसवायची ते कळत नाही. पावलांची गोष्ट इतकी पसरली, की २०१८ च्या ‘डेडपूल २’ या सिनेमात खुद्द डेडपूलच पावलं काढता न येणाऱ्या चित्रकाराला टोमणा मारतो. ज्यानं आपल्याला पहिल्यांदा कागदावर काढलं, त्यालाच!

श्रोतेहो, दोघांबद्दल लोक एकच वाक्य बोलले, ‘याला चित्र काढता येत नाही’. पण त्याचा अर्थ दोन्ही वेळा सारखा नव्हता. सिंकेविचला नियम येत होता आणि गोष्टीला गरज होती म्हणून त्यानं तो मोडला. लिफेल्ड नियमापाशी थांबलाच नाही, त्याला घाई होती. शिक्षक म्हणून माझं मत विचाराल तर सिंकेविच कितीतरी वरचा, यात मला तिळमात्र शंका नाही.

मग लिफेल्डचं काय? मुलं वहीच्या शेवटच्या पानावर काय काढतात, ते एकदा बघा. मोठी बंदूक, मोठे खांदे, चिडलेला चेहरा, अंगभर रेघोट्या. पाय काढायला जागाच उरत नाही, कारण सुरुवात डोळ्यांपासून केलेली असते. लिफेल्ड तेच पान छापखान्यापर्यंत घेऊन गेला. बारा वर्षांच्या पोराला त्याच्या चौकटीत आपलाच हात दिसला, आणि ‘हे मलाही जमेल’ असं वाटून किती जणांनी पेन्सिल धरली असेल! मापं त्यांना नंतर शिकता आली. धरायची ओढ मात्र आधीच लागली होती, आणि ती कुठल्याही शिक्षकाला फळ्यावर काढून दाखवता येत नाही. पावलांवर टीका जरूर करावी, ती खरीच आहे. पण टीका चित्रावरून घसरून माणसावर जाते, तेव्हा मला वाईट वाटतं. तीस वर्षांहून जास्त काळ त्यानं हे ऐकलं, आणि तरीही तो काढत राहिला.

गेल्या वर्षी मी ही दोन्ही पानं वर्गात शेजारी शेजारी लावली. नावं सांगितली नाहीत. आठवीतली एक मुलगी उठून पुढे आली आणि त्या अस्वलाच्या कडेवरून बोट फिरवू लागली. बोट मध्येच थांबलं. “सर, इथे अस्वल आहे की अंधार?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “तुला काय वाटतं?” ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

मागच्या बाकावरचा एक मुलगा लिफेल्डचं पान बघत होता. तो म्हणाला, “ह्याला पाय नाहीयेत. मी काढू?” त्यानं चित्राखाली कोरा कागद सरकवला, गुडघ्यापासून रेषा खाली आणली, आणि अडला. समोरून दिसणारं पाऊल काढणं फार अवघड असतं. टाच दिसत नाही, बोटं एकावर एक येतात, अंगठा कुठे वळवावा ते सुचत नाही. त्यानं खाडकन बूट काढला, मोजाही काढला, पाय बाकावर ठेवला आणि स्वतःचंच पाऊल बघून काढायला लागला. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा डाव्या पावलाची तीन बोटं काढून झाली होती, आणि चौथ्याचं नख त्यानं खोडून पुन्हा सुरू केलं होतं.