पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायचा तरी कशाला?

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी ऑफिसात कॉम्प्युटर सुरू करावा आणि पडद्यावर सूचना यावी, ‘तुमच्या पासवर्डची मुदत संपत आली आहे, सात दिवसांत बदला.’ मग आपण काय करतो? शेवटी तीन असेल तर चार करतो, चार असेल तर पाच, आणि चहाला जातो. तुम्ही हेच करता, तुमचे साहेब हेच करतात. थेट अमेरिकेतली माणसंही हेच करतात, आणि तिकडचाच एक किस्सा आज सांगायचा आहे.

पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. तिथे २००४ पासून एक प्रयोगशाळा चालते. कॉम्प्युटरची सुरक्षा आणि आपला खासगीपणा सांभाळताना माणूस कुठे अडखळतो, हे मोजायचं, एवढंच तिचं काम. यंत्र कुठे अडखळतं ते नव्हे बरं का, माणूस कुठे अडखळतो ते. तिच्या प्रमुख प्राध्यापक लॉरी क्रेनर. बाई हौशी, गोधड्याही शिवतात. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले होते. त्यांतले सर्वाधिक वापरातले हजार पासवर्ड कापडावर छापून क्रेनरबाईंनी चक्क गोधडी केली. जो पासवर्ड जास्त लोकांचा, त्याची अक्षरं मोठी. सर्वांत मोठी अक्षरं कशाची? एक दोन तीन चार पाच सहा!

तर किस्सा. जानेवारी २०१६. क्रेनरबाई फेडरल ट्रेड कमिशनमध्ये मुख्य तंत्रज्ञ म्हणून रुजू झाल्या होत्या. ग्राहकांची फसवणूक होऊ नये म्हणून तिथलं सरकार ही कचेरी चालवतं. आणि बाईंना दिसलं काय, तर आपल्याच कचेरीचं ट्वीट. आपल्या माणसांना सांगा, पासवर्ड वरचेवर बदलत राहा! बाईंची प्रयोगशाळा इतकी वर्षं पासवर्डांवर काम करतेय, आणि हा सल्ला आला कुठून? त्या गेल्या ट्वीट लिहिणाऱ्या मंडळींकडे. हे का लिहिलंत? उत्तर असं मिळालं, की सल्ला चांगलाच असणार, कारण आपल्याच कचेरीत सगळ्यांना दर ६० दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो! म्हणजे कचेरीचा नियम म्हणून तो जनतेला सल्ला, आणि जनतेला सल्ला देतोय म्हणजे नियम बरोबरच.

खुद्द बाईंकडे तिथले सहा सरकारी पासवर्ड होते. सहाच्या सहा, दर ६० दिवसांनी बदलायचे. मग त्या माहिती-सुरक्षेच्या अधिकाऱ्यांकडे गेल्या, आणि नुसतं मत घेऊन नाही गेल्या, पुरावा घेऊन गेल्या.

पुरावा होता नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांचा, २०१० चा. तिथे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलणं सक्तीचं होतं. विद्यापीठ सोडून गेलेल्यांची १० हजारांहून जास्त बंद खाती त्यांनी अभ्यासाला घेतली. प्रत्येक खात्याचे ४ ते १५ जुने पासवर्ड, ओळीने. प्रश्न साधा होता: जुना पासवर्ड चोराला ठाऊक असेल, तर नवा सापडायला किती वेळ लागेल?

आकडे नीट ऐका. १७ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड पाचांहून कमी प्रयत्नांत सापडला. आणि सांकेतिक रूपात साठवलेल्या पासवर्डांची चोरलेली फाइल हाताशी असेल, तर ४१ टक्के खाती फुटायला खात्यामागे ३ सेकंदही लागत नव्हते. तेही २००९ सालच्या साध्या कॉम्प्युटरवर. पुन्हा सांगतो, शंभरातली ४१ खाती, तीन सेकंदांच्या आत.

का? तर माणसं नवा पासवर्ड करतच नव्हती, जुन्यालाच नवं टोपडं घालत होती. आकडा एकाने वाढवायचा. एस या अक्षराच्या जागी डॉलरची खूण. एखादं अक्षर मोठ्या लिपीत. शेवटी एक खूण जास्त. ठरलेल्या चारदोन युक्त्या, आणि त्या प्रोग्रॅमला शिकवल्या की झालं.

हे सगळं ऐकून अधिकाऱ्यांनी नियम बदलला का? बदलला, पण सरकारी बेताने. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या एका परिषदेत बाईंनी आनंदाने जाहीर केलं, की सहांपैकी दोन पासवर्ड आता बदलावे लागत नाहीत. उरलेल्या चारांवर काम चालू आहे!

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, अमेरिकेच्या मानक संस्थेने सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नका असं लेखी कळवलं. ‘एक मोठं अक्षर, एक आकडा, एक खूण’ हा हट्टही सोडायला सांगितला. २००३ साली तो जुना सल्ला लिहिणारे गृहस्थ, बिल बर, यांनी वर्तमानपत्राला सांगून टाकलं, की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांना हे अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

वरचेवर दिलेल्या सूचनांवरून एक आठवलं. फोन लावला की सायबर भामट्यांपासून सावध करणारी ध्वनिफीत ऐकू यायची, आठवतंय? हेतू चांगला, आवाज अमिताभ बच्चन यांचा. पण तातडीचा फोन लावताना तीच सूचना विसाव्यांदा कानावर पडली, की माणूस ऐकतो कुठे? तो तेवढ्या वेळात चष्मा शोधतो. इशारा अधूनमधून आणि नेमक्या क्षणी आला तरच कानात शिरतो. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, तेवढं मात्र लक्षात असू द्या.

तर पासवर्ड. कार्नेगी मेलनने आपल्याच विद्यापीठातली २५ हजार खातीही तपासली. पासवर्ड संशोधकांच्या नजरेस पडू नयेत म्हणून ते कुलूपबंद खोलीत, इंटरनेट नसलेल्या मशीनवर ठेवले. संशोधकांनी प्रोग्रॅम लिहून द्यायचा, चालवायचा तिथल्या कर्मचाऱ्यांनी. कॉम्प्युटर शिकणाऱ्यांचे पासवर्ड भक्कम निघाले, आणि सगळ्यांत कच्चे निघाले व्यवस्थापनवाल्यांचे. उद्या मोठ्या पगारावर साहेब होणार ते हेच!

आता घरी काय करायचं? लांबी किमान १२ अक्षरं. मोठं अक्षर सुरुवातीला आणि आकडा शेवटी, ही सवय चोरांना पाठ आहे, म्हणून दोन्ही मधे घुसवा. कुणीच कधी बोललं नसेल असं वाक्य रचा आणि प्रत्येक शब्दाची पहिली एकदोन अक्षरं इंग्रजी लिपीत घ्या. ‘आमच्या मांजराने गुरुवारी सायकल विकून सोळा डबे घेतले’, असलं काहीतरी. हेच नका घेऊ, आता ते रेडिओवर येऊन गेलंय. गाण्याची ओळ नको, अभंगाचा चरण नको, आणि आपलं नाव पुढे ॲट एकशे तेवीस तर नकोच नको.

हे सगळं लक्षात राहत नसेल तर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सांभाळून ठेवणारं ॲप, वापरा, किंवा वहीत लिहून वही कपाटात ठेवा. हो, वहीत! चोर सातासमुद्रापार बसलेला असतो, तो तुमचं कपाट उघडायला येत नाही. कीबोर्डखाली चिठ्ठी मात्र नको. आणि पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करू न देणाऱ्या वेबसाइटी! त्या लांब पासवर्ड ठेवणाऱ्यालाच छळतात.

एकच पासवर्ड दोन ठिकाणी नको. सगळ्यांत आधी ई-मेलचा वेगळा करा, कारण बाकीचे पासवर्ड बदलायच्या लिंका तिथेच येतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा, सुरू करा आणि त्याचे बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना चालणारे आकडे, त्याच वहीत उतरवून ठेवा.

मग पासवर्ड बदलायचा कधी? तो फुटल्याचं कळलं, कुणाला सांगितलेला होता, किंवा खोट्या पानावर टाकला गेला, तर लगेच, त्याच मिनिटाला. शेवटचा आकडा वाढवून नाही, पार नवा. त्यानंतर ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ दाबा, नाहीतर आत शिरलेला माणूस आतच राहतो. मग रिकव्हरीचा, म्हणजे खातं परत मिळवायचा, मोबाइल नंबर आणि ई-मेल आपलाच आहे ना ते पाहा. शेवटी ई-मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग, म्हणजे आलेली पत्रं आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची सोय, तपासा. चोर जाताना कधीकधी तिथे स्वतःचा पत्ता घालून ठेवतो, आणि मग पासवर्ड कितीही बदलला तरी तुमच्या प्रत्येक पत्राची प्रत त्याला जातच राहते.

नमस्कार.