गुणवत्ता, कोटा आणि भिंतीवरचे प्रमाणपत्र

(अमेरिकेतील मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

अध्यक्षमहोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि मित्रहो,

मागे राहिलेल्या समाजांना संपत्ती आणि संधी यांत वाटा मिळावा म्हणून निरनिराळ्या देशांनी काय केले, याची तुलना मी करावी असे कार्यकारिणीने सुचवले, तेव्हा मी तत्काळ होकार दिला. कारण या विषयावर बोलायला आपल्यापैकी कोणालाच तयारी लागत नाही. भारतातील आरक्षणाचा निकाल आपण पोहे संपण्यापूर्वी लावतो आणि चहा येईपर्यंत अमेरिकेतले धोरणही निकालात काढतो. माझाही बेत तोच होता. मधल्या काळात मात्र घरी एक वाद झाला. मुलीच्या कॉलेजच्या अर्जांचा विषय निघाला होता आणि प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा जून २०२३ चा निकाल किती योग्य आहे, हे मी तिला समजावत होतो. ती शांतपणे म्हणाली, "मग ऑफिसच्या भिंतीवरचं ते सर्टिफिकेट काढा ना, बाबा." मी आवाज चढवला आणि पत्नीने आमटीचे भांडे मध्ये आणले.

ते प्रमाणपत्र काय आहे, हे या सभागृहातील बऱ्याच उद्योजकांना ठाऊक आहे. सामाजिकदृष्ट्या वंचित गटातील व्यक्तींच्या मालकीच्या छोट्या कंपन्यांना सरकारी कंत्राटे राखून ठेवणाऱ्या अमेरिकी संघराज्य शासनाच्या कार्यक्रमात माझी कंपनी आहे, याचा तो दाखला. हा कार्यक्रम प्रामुख्याने कृष्णवर्णीयांना डोळ्यांसमोर ठेवून सुरू झाला. १९८० च्या जनगणनेत आपल्याला स्वतंत्र रकाना मिळाला, तो भारतीय संघटनांनी मागितला म्हणून. आणि १९८२ मध्ये संघटनांच्याच अर्जावरून लघुउद्योग प्रशासनाने भारतीय वंशाच्या लोकांना वंचितांच्या यादीत घेतले. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर, भारतीय करदात्यांच्या पैशांवर इंजिनिअर आणि डॉक्टर होऊन आलेली आपली पिढी अशा रीतीने, गुलामगिरी भोगलेल्यांच्या वंशजांसाठी मांडलेल्या पंगतीत जाऊन बसली. जुलै २०२३ मध्ये टेनेसीतील न्यायालयाने गटावरून वंचितपण गृहीत धरण्यास मनाई केली आणि प्रत्येक मालकाला आपली वैयक्तिक कैफियत लिहून द्यावी लागली. मीही लिहायला बसलो. नारायण पेठेतला जन्म, आजोबा मामलेदार, वडील बँकेत. त्यामुळे फोनवर माझे उच्चार ऐकून गिऱ्हाईक थबकते, यापलीकडे मजकूर काही सरकेना.

आता मलेशियाकडे पाहू, कारण तिथे आपण रेषेच्या पलीकडच्या बाजूला आहोत. १३ मे १९६९ च्या दंगलीनंतर, १९७१ मध्ये, तिथे नवे आर्थिक धोरण आले. अल्पसंख्याकांसाठी नव्हे, तर राजकीय सत्ता हाती असलेल्या परंतु गरीब राहिलेल्या बहुसंख्य मलय समाजासाठी आखलेले हे धोरण होते. कंपन्यांच्या भागभांडवलातील बुमिपुत्रांचा, म्हणजे मलय आणि इतर मूळ रहिवाशांचा, वाटा १९७० मधील २.४ टक्क्यांवरून १९९० पर्यंत ३० टक्क्यांवर न्यायचा होता. तो १९ टक्क्यांच्या आसपास पोहोचला. त्याच काळात द्वीपकल्पीय मलेशियातील निम्म्या घरांत असलेले दारिद्र्य पाचव्या हिश्शाच्याही खाली आले आणि मलय मध्यमवर्ग उभा राहिला, हे यश नाकारता येणार नाही. पण त्या देशात गरिबी फक्त मलय घरांतच नव्हती. रबराच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेले तमिळ मजूर मळे विकले जाताच घर आणि काम एकदमच गमावून शहरांच्या कडेला आले, आणि यादीत त्यांचे नाव नव्हते. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये तेच क्वालालंपूरच्या रस्त्यावर उतरले. १९९० ची मुदत केव्हाच उलटली. धोरणाचे नाव बदलले, सवलती राहिल्या.

दक्षिण आफ्रिकेत आपली बाजू पुन्हा बदलते. तिथल्या आर्थिक सक्षमीकरणाच्या कायद्याच्या व्याख्येत कृष्णवर्णीय म्हणजे आफ्रिकन, मिश्रवंशीय आणि भारतीयही. मात्र २७ एप्रिल १९९४ नंतर नागरिक झालेला भारतीय त्यात बसत नाही. ऊसमळ्यांवर आणलेल्या गिरमिटियांचा पणतू आत आणि काल विमानाने उतरलेला सल्लागार बाहेर, ही रेषा मला आपल्या इथल्या यादीपेक्षा प्रामाणिक वाटते. कृष्णवर्णीयांना कंपन्यांत भागीदारी देणाऱ्या तेथील समभागवाटपाने मोजक्या सत्तानिकट लोकांचे भले झाले, हा आक्षेप मात्र तितकाच खरा आहे. ब्राझीलने २०१२ च्या कायद्यात संघीय विद्यापीठांतील निम्म्या जागा आधी सरकारी शाळांतील मुलांना दिल्या आणि त्यांच्या आत उत्पन्न व वर्ण हे निकष लावले. निदान कागदावर तरी ही मांडणी सर्वांत विचारपूर्वक केलेली आहे.

आणि आपले घर? २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा मागास समाजांसाठी राखल्या, तेव्हा वर उल्लेखिलेल्या धोरणांपैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता. आपल्या व्हॉट्सॲप समूहावर दर एप्रिलमध्ये फिरणारे 'बाबासाहेबांनी फक्त दहा वर्षे म्हटले होते' हे वाक्य आज इथेच थांबवावे, ही माझी विनंती आहे. दहा वर्षांची मुदत घटनेच्या कलम ३३४ मधील लोकसभा आणि विधानसभांच्या राखीव जागांना होती, आणि ती वाढत वाढत २०३० पर्यंत आली आहे. शिक्षण आणि नोकऱ्यांच्या तरतुदींना अशी मुदत कधीच नव्हती. मंडल आंदोलनाच्या वर्षी आपण गुणवत्तेच्या बाजूने घसा कोरडा केला. त्याच सुमारास, १९८३ पासून निघालेल्या विनाअनुदानित महाविद्यालयांत देणगी भरून किती जण शिरले, हे आपण एकमेकांना विचारत नाही. सरकारी कॉलेजच्या यादीत नाव नाही म्हणून 'आमची जागा गेली' असे सांगणाऱ्या घरांत जमीन विकून किंवा फंड काढून ती जागा परत आणली गेली, आणि तिला कोणी कोटा म्हटले नाही.

मुलीच्या वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. तिचा आक्षेप कोट्याला नव्हताच. एकाच टेबलावर मी दोन नियम लावतो, एवढेच तिने दाखवले. सवलत कोणाला सुरू करायची हे प्रत्येक देशाला कमीअधिक उमगले आहे. पुढे गेलेल्याने कधी बाजूला व्हायचे, हे मात्र फारसे कोणाला साधलेले नाही. इतर मागासवर्गीयांसाठी भारताने लावलेली वार्षिक आठ लाखांची उन्नत स्तराची (क्रीमी लेयर) मर्यादा हा त्यातला एक बरा प्रयत्न आहे, आणि तीही वादाबाहेर नाही. आमच्या कंत्राटांच्या कार्यक्रमाला कंपनीमागे नऊ वर्षांची मुदत आहे, हे मी मुलीला मोठ्या विजयाने सांगितले. ती म्हणाली, "अजून किती उरली?" मी उत्तर दिले नाही.

हे सारे आज आपल्यापुढे यायचे कारण आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी आपण सुरू करत असलेल्या शिष्यवृत्तीचा अर्ज अजून तयार नाही. केवळ गुण पाहायचे, घरचे उत्पन्न पाहायचे, की जातीचाही रकाना ठेवायचा, यावर समितीत एकमत होत नाही. कोणी रकाना नको म्हणतो कारण 'इथे आल्यावर आपण ते सोडले', आणि आपल्या सभासदांच्या यादीतली आडनावे वाचली की ते सोडले आहे असे मला म्हणवत नाही. रकाना ठेवला तर पंधराशे डॉलरसाठी एखाद्या मुलीला आपली जात आपल्यासमोर सिद्ध करायला लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हेही मला सांगता येत नाही. समितीची बैठक पुढच्या रविवारी आहे आणि माझे मत अजून ठरलेले नाही.