ऐनवेळचे विषय

(सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत निवृत्त ग्रामविकास अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

नमस्कार मंडळी. निमंत्रण घेऊन आलेल्या पोरांनी भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी सांगितलं, "ऐनवेळचे विषय." त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं अजून ठरलेलं नाही. पत्रिकेवर छापलंय बघा, "विषय : ऐनवेळी". त्यांना कशाला बोल लावू? ग्रामपंचायतीच्या सभेची नोटीस खालच्या ओळीपर्यंत वाचणारं माणूस मी अख्ख्या नोकरीत फार थोडं बघितलं.

नोटिशीचा पहिला विषय ठरलेला. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग मागच्या महिन्याच्या जमाखर्चाला मंजुरी, आलेले अर्ज आणि परिपत्रकांचं वाचन, पाणीपुरवठा, दिवाबत्ती, आरोग्य. आणि सगळ्यात खाली, अकराव्या नंबरला, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". महिन्याला एक मासिक सभा, वर्षाला किमान चार ग्रामसभा, आणि माझ्याकडे बहुतेक काळ दोन गावांचा चार्ज. ही ओळ मी किती वेळा लिहिली असेल त्याचा हिशेब तुम्हीच करा.

आता सभा कशी चालते ते सांगतो. अकराची वेळ, साडेअकराला सदस्य येतात. आल्या आल्या हजेरी बुकावर सह्या. मग चहा. चहाबरोबर भजी आली की सभा जोरात चाललीय असं शिपायाला वाटायचं. पाणीपुरवठ्यावर थोडा आरडाओरडा, दिवाबत्तीवर एखादा टोमणा, आणि एक वाजता कुणाला द्राक्षाच्या बागेत औषध मारायचंय, कुणाची एसटी आहे. उठून जातात. सही मात्र बुकात असते, म्हणजे माणूस हजर. मग उरलेल्या चार-पाच जणांत ऐनवेळचे विषय निघायचे. बाजारतळावरचा गाळा कुणाला, मुरूम टाकल्याचं बिल, कुणाच्या बांधकामाला ना हरकत. जे नोटिशीत टाकलं असतं तर दहा माणसं दारात उभी राहिली असती, ते सगळं. गावातली भांडणं पहिल्या दहा विषयांवर व्हायची, निकाल अकराव्यावर लागायचे.

तरी मी म्हणेन, अकरावा विषय लबाडीचा असतो हे निदान सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या विषयाकडे कुणाचंच लक्ष नसतं. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." ते वाचून कोण दाखवतो? मी सुद्धा दाखवत नव्हतो. "मागचं प्रोसिडिंग कायम करायचं ना?" असं विचारायचो, दोघं मान हलवायचे, मी सूचक-अनुमोदकाची नावं टाकून मोकळा.

हे मला महागात पडलं ते सीमेवरच्या गावात. माझी बरीच नोकरी अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत गेली. तिथली गावं तुम्हाला माहीत आहेत. घरात कन्नड, बाजारात कन्नड, भांडण कन्नडमध्ये, फक्त दप्तर मराठीत. मी बार्शीकडचा. पहिलं वर्षभर मला सभेतलं निम्मं कळत नव्हतं आणि प्रोसिडिंग मात्र मीच लिहायचो. हसू नका. जिल्ह्यात असे बरेच भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, होऊन गेले.

एका ग्रामसभेत मागच्या वस्तीतली एक आजी उठली. उन्हाळा होता, मारुतीच्या देवळासमोर सतरंजी टाकलेली. शंभराच्या आसपास माणसं होती, म्हणजे गणपूर्ती झालेली. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. नाही जमली तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला मग गणपूर्तीची अटच नाही. पुष्कळ गावांत पहिली सभा तहकूब व्हावी याचीच तजवीज करतात. असो. आजी बोलायला लागली ती थांबेना. मला दोनच शब्द कळले, "नीर इल्ल री, नीर इल्ल." पाणी नाही. बाकीचं मी शेजारच्या सदस्याला विचारलं, तो म्हणाला, "काही नाही भाऊसाहेब, हापशाचं सांगतीय." मी वहीत लिहिलं, "पाणीपुरवठ्याबाबत साधकबाधक चर्चा झाली."

हे वाक्य तुम्ही कुठल्याही ग्रामपंचायतीत, कुठल्याही नगरपालिकेत जाऊन बघा. सापडेल. सरकारी मराठीतलं हे सगळ्यात सोयीचं वाक्य. कोण बोललं, काय बोललं, कुणी विरोध केला, सगळं त्याच्या पोटात जातं.

पुढं जून उजाडला तरी त्या वस्तीतला हापसा बंदच. पंचायत समितीकडे दुरुस्तीची गाडी मागायला गेलो. तिथल्या साहेबांनी यादी दाखवली, आधी तक्रारी आलेल्या गावांची नावं वर. म्हणाले, "तुमच्याकडून तक्रार कुठाय? ग्रामसभेत विषय झाला असेल तर ठरावाची नक्कल आणा." मी परत आलो, बुक उघडलं. साधकबाधक चर्चा. हापसा नाही, वस्ती नाही, आजी नाही. बायका तोवर अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. ठराव मागच्या तारखेनं लिहून द्या, असं सुचवणारे निघालेच. मी नाही लिहिला. त्यात माझा फार मोठेपणा होता असं नाही, खाली सह्या होऊन गेल्या होत्या आणि ओळीत जागा शिल्लक नव्हती.

गाडी यायला आणखी वीस-बावीस दिवस लागले. वॉशर बदलायला तासभर.

त्यानंतर मी थोडी कन्नड शिकलो. पण लिहिण्याची सवय मोडली ती एका सरपंचबाईंनी. 2011 साली महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत महिलांचं आरक्षण पन्नास टक्के झालं, त्यानंतरची गोष्ट. दुसऱ्या गावात बाई निवडून आल्या आणि रिवाजाप्रमाणे पहिल्या सभेला त्यांचे मालक खुर्चीशेजारी येऊन बसले. बाई कन्नड शाळेत चौथी शिकलेल्या. मराठी अक्षर लावून लावून वाचायच्या. मी बुक पुढं सरकवलं, सहीची जागा बोटानं दाखवली. बाईंनी पेन घेतलं आणि खाली ठेवलं. म्हणाल्या, "भाऊसाहेब, आधी वाचून दाखवा. कन्नडमध्ये सांगा." मालक म्हणाले, "कर ना सही, त्यांना एसटी आहे." बाई म्हणाल्या, "मग त्यांनी जावं, बुक राहू दे."

मी वाचलं. नळाच्या विषयावर बाई दहा मिनिटं बोलल्या होत्या, माझ्या वहीत ते एका ओळीत मावलेलं. त्यांनी विचारलं, "मी बोलले ते कुठंय?" त्या दिवशी माझी शेवटची एसटी खरंच चुकली. तिथंच बसून मी पान नव्यानं लिहिलं. पुढची पाच वर्षं त्या गावात सही आधी आणि वाचन नंतर, असं एकदाही झालं नाही. मालक पुढं सभेला यायचे बंद झाले. एवढं वाचन ऐकत बसायला त्यांना वेळ नव्हता.

तुम्ही म्हणाल, एका हापशासाठी केवढं पुराण. पण पैसाही याच वाटेनं येतो. वित्त आयोगाचा निधी आता थेट गावाच्या खात्यात जमा होतो. पंधराव्या आयोगानं त्यातला साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला, चाळीस टक्के मोकळा ठेवला. तो कुठं खर्चायचा याचा आराखडा ग्रामसभेतून जायला लागतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी. हे आकडे पाठ करून ठेवा. मार्चअखेरीला पांढऱ्या ट्यूबा आणि पाण्यात टाकायची टीसीएल पावडर याच नावांवर खरेदी होताना मी बघितलीय. घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव आहे हेही सभेत वाचायचं असतं. वाचलं नाही आणि बुकात "यादीस मंजुरी देण्यात आली" एवढंच असलं, तर राहून गेलेल्या माणसानं कुणाकडं दाद मागायची?

आता तुमच्या गावाचं. नगरपंचायत व्हावी म्हणून इथं खटपट चाललीय असं कानावर आलं. आपल्या जिल्ह्यात माढा, माळशिरस, नातेपुते, वैराग अशी गावं त्या वाटेनं गेली. मुख्याधिकारी येईल, सतरा नगरसेवक होतील, बांधकाम परवाना गावातच मिळेल, शहराच्या योजना येतील. रोजगार हमी मात्र जाईल, कारण ती ग्रामीण भागाची. घरपट्टीचं काय होईल ते मी कशाला सांगू, मला अजून जेवायचंय इथं. पण एक गोष्ट मोर्चातही कुणी बोलत नाही. नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपते. आजीला उठून "नीर इल्ल" म्हणायला सतरंजी राहत नाही. सर्वसाधारण सभेत नगरसेवक बोलतात, बाकी गाव बाहेर. मैंदर्गी आणि दुधनी ही कितीतरी खेड्यांपेक्षा लहान गावं, पण तिथं नगरपरिषदा आहेत. कुरनूरच्या धरणातून त्यांचं पाणी येतं, आणि त्या पाण्याची चर्चा सभागृहाच्या दाराआड होते.

आणि सभागृहात नगरसेवक तरी असायला हवेत. राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांच्या मुदती 2021 च्या अखेरीपासून संपत गेल्या आणि मतदान झालं ते थेट डिसेंबर 2025 मध्ये. मधली सगळी वर्षं प्रशासक. सूचकही तेच, अनुमोदकही तेच, सर्वानुमते मंजूर. विरोध करायला खुर्चीखेरीज कुणी नव्हतं.

कुणी म्हणेल, नगरपालिका म्हणजे शेवटी गटार आणि दिवाबत्ती. आपल्या जिल्ह्यात तरी असं म्हणू नये. 6 एप्रिल 1930 ला सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा चढला. पुढच्याच महिन्यात इंग्रजांनी शहरावर मार्शल लॉ लावला. गटारं साफ करणाऱ्याच संस्थेनं तो झेंडा लावला होता.

मघाशी एका तरुणानं विचारलं, प्रोसिडिंग बघायला मिळतं का? मिळतं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करा, पानाला दोन रुपये भरा, नक्कल घ्या. मागताना मोघम "सर्व ठराव" मागू नका, भाऊसाहेब माहिती विस्तृत आहे म्हणून कळवेल. मी कळवलंय. सभेची तारीख टाका आणि मागा. पहिलं पान वाचा, शेवटचं पान वाचा, हजेरीवरच्या सह्या मोजा आणि चहाच्या बिलातले कप मोजा. माझ्या एका गावात नऊ माणसांनी पस्तीस कप चहा प्यायल्याचं बिल होतं. मीच पास केलं होतं.

निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या ग्रामसभेला मी मुद्दाम त्या हापशाच्या गावाला गेलो. चार्ज माझ्याकडे नव्हता, नवा भाऊसाहेब होता, पण त्यानं बुक माझ्या हातात दिलं. आजी अजून होती. काठी टेकत आली, या वेळी तक्रार रस्त्यावरच्या दिव्याची. मी तिचं नाव लिहिलं, वस्तीचं नाव लिहिलं, खांबाचा नंबर पोराकडून बघून घेऊन लिहिला. मग तिच्यापुढं बसून माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये वाचून दाखवलं. एका शब्दावर तिनं मला थांबवलं आणि दुरुस्त केलं, दिवा दोन महिने नाही, तीन महिने बंद आहे. मी खोडून तीन केलं. तिनं मान हलवली, "सरी अद री," बरोबर आहे म्हणाली, आणि शाईच्या डबीकडे अंगठा नेला.