पैसे कोणाचे अडकतात?

नाशिक रोड. इथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्याच नाशिकच्या मेन रोडवर आज दुकानदार साडीची घडी घालता घालता विचारतो, "कार्ड की स्कॅन?"

डेबिट कार्ड म्हणजे रोखच. मशीनला लावलं, की पैसे बचत खात्यातून गेले. क्रेडिट कार्डावर आधी बँकेचे पैसे जातात, आपण बिल नंतर भरतो. यातलं अंतर आमच्या घराने सोसून पाहिलंय.

दादा सातपूरला कारखान्यात आहे. पगार होऊन दोनच दिवस झाले होते. सकाळी उठून पाहतो तर मोबाइलवर रात्रीतले चार मेसेज, आणि खात्यात तीनशे बारा रुपये. डेबिट कार्डावरून कोणीतरी परस्पर खरेदी केली होती. त्याने तासाभरात तक्रार दिली. तरी घराचा हप्ता परत गेला, वर दंड. मुलीच्या फीसाठी वहिनीने भिशी उचलली.

रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे: चूक ना आपली ना बँकेची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड आपल्यावर नाही. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात जमा करायची. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. नियम दोन्ही कार्डांना लागू. दादाचे पैसे आलेही. पण तोवर किराणा कशावर भरायचा? क्रेडिट कार्ड असतं, तर भांडण बिलातल्या चार ओळींचं झालं असतं. पगार जागेवर राहिला असता.

क्रेडिट कार्डावर हॉटेलची अनामतही अशीच, खात्यातून न अडकता कार्डाच्या मर्यादेतून अडकते. वेळेवर बिल भरलं तर सिबिल स्कोअर, म्हणजे आपण उधारी कशी फेडतो याचे गुण, सुधारतो, तो गृहकर्जाला उपयोगी पडतो.

आता जपायचं ते. बिलावरची 'किमान देय रक्कम' तेवढीच भरली, तर उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. एटीएममधून या कार्डावर रोकड काढली, तर व्याज पहिल्या दिवसापासून. असं कार्ड वापरण्यापेक्षा नसलेलं बरं, हे मी मनापासून सांगतेय.

दादाने आता क्रेडिट कार्ड घेतलंय आणि बँकेला सूचना देऊन ठेवलीय: दर महिन्याला पूर्ण बिल खात्यातून आपोआप जातं. डेबिट कार्ड फक्त एटीएमपुरतं. त्यावरचे ऑनलाइन व्यवहार त्याने ॲपमधून बंद करून टाकलेत.