वावरात उगवलेला डोंगर

नमस्कार मंडळी. विहीर खणताना काळी माती संपते, मुरूम संपतो आणि मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा कातळ लागतो. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा थरावर थर पसरत गेला. (आता जो तो बोअर मारतो. मला ते पटत नाही. विहिरीत निदान पायाखालची जमीन दिसते तरी.)

पण जिवंत ज्वालामुखी एखाद्याच्या वावरातच निघाला तर? निघालाय, मंडळी. 20 फेब्रुवारी 1943. देश मेक्सिको, शेतकरी दिओनिसिओ पुलिदो. काही आठवडे धरणीकंपाचे हादरे बसत होते. तरी पेरणी थोडीच थांबते? हा गडी मक्यासाठी वावर साफ करत होता. दुपारी बघतो तर वावरातल्या जुन्या खळग्यातून भेग गेलेली. बाजूची जमीन फुगून पुरुषभर वर आली, फसफस आवाज सुरू झाला, धूर निघाला, गंधकाचा वास सुटला. तो गावाकडे पळाला. दुसऱ्या दिवशी तिथं टेकडी उभी! वर्षभरात ती हजार फुटांच्या वर गेली. आपल्याकडे असतं तर सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ लिहून मोकळे झाले असते.

पारिकुतीन नावाचा हा ज्वालामुखी 1952 पर्यंत धुमसला. दोन गावं गाडली गेली. त्यातल्या एका गावच्या चर्चचा मनोरा आजही काळ्या दगडांतून वर दिसतो. पण लाव्ह्यानं एकही माणूस मेला नाही. लोक सामानसुमान घेऊन निघून गेले. तिघं दगावले ते विजेनं. राखेच्या ढगातही वीज कडाडते.

म्हणून सांगतो, लाव्हा बहुतेक वेळा हळू येतो. जीव घेतात ते तापलेली राख, विषारी वायू आणि चिखलाचा लोंढा. 1985 साली कोलंबियात नेवादो देल रुइस फुटला. माथ्यावरचा बर्फ वितळला, चिखल नदीनाल्यांतून उतरला आणि आर्मेरो गावात वीस हजारांवर माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता. त्या संध्याकाळी राख पडत होती, आणि स्थानिक रेडिओ सांगत होता की घाबरू नका, घरातच थांबा. चिखल पोचला रात्री साडेअकराच्या सुमारास. उंचावर चढले ते वाचले.