गुडघ्यावरची हातोडी

[दृश्य: प्रसूतिगृहाची ओपीडी, सकाळ]

“टेक गं पाच मिनिटं. मग बीपी बघू.”

महापालिकेच्या या प्रसूतिगृहात जिना चढून आलेल्या बाईला सिस्टर आधी बसवते. मुंबईच्या ओपीडीत ही पाच मिनिटंच आधी कापली जातात, म्हणून ती इथे पूर्ण दाखवतोय. पाठ टेकलेली, दंड छातीच्या पातळीला, पट्टा बाहीवर नाही, उघड्या दंडावर. १४०/९०. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर हा आकडा आला की काही तासांनी पुन्हा मोजायचा. लघवीत बुडवलेली पिवळी पट्टी हिरवट झाली, तर प्रथिनं जातायत. प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब, जो बळावला तर झटके येऊ शकतात. मूळ बहुधा वारेच्या, म्हणजे प्लासेंटाच्या, रक्तवाहिन्यांत. घरचे म्हणतात, पाय सगळ्यांचेच सुजतात. सुजतात खरे, पण डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं, हे सगळ्यांना होत नाही.

[दृश्य: लेबर रूम, औषधांचा ट्रे]

झटके येऊन गेलेल्या बाईजवळ आम्ही कॅमेरा नेला नाही. ट्रे मात्र पाहा. मॅग्नेशियम सल्फेट, स्वस्तातलं औषध. एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम. चार अँप्युल पातळ करून शिरेतून, अगदी सावकाश. मग पाच एका कमरेत, पाच दुसऱ्या. चौदा काचा फुटल्याचा आवाज येतोय तो हाच. २००२ साली ३३ देशांतल्या १० हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासात दिसलं, की प्रीएक्लॅम्पसियात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो.

पण जास्त झालं तर हेच औषध श्वास थांबवतं. म्हणून पुढे दर चार तासांनी ५ ग्रॅम टोचण्याआधी सिस्टर तीन गोष्टी बघते: लघवी किती झाली, श्वास किती, आणि हातोडी मारल्यावर गुडघा उडतो का. नाही उडला तर डोस थांबतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्येच असतं. रात्री तीन वाजता, डुलकी आवरत, हीच हातोडी.

वेळ चुकली तर मेंदूत रक्तस्राव, वार आधीच सुटणं, आई किंवा बाळ हातचं जाणं.

[दृश्य: वॉर्डचं दार]

झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. बाळ आजीच्या कडेवर, पिशव्या भरलेल्या, टॅक्सी खाली उभी. सिस्टर पट्टा घेऊन येते.

“थांबा. अजून एकदा.”