काळ्या पाषाणाच्या पोटात

(दृश्य: दगडखाणीचा उभा कडा, सकाळचं तिरपं ऊन. क्रशरची घरघर हळूहळू मागे जाते.)

पुण्याहून नगरच्या दिशेने निघालं की वाघोलीच्या आसपास दगडखाणी आहेत. सुरुंगाने फोडलेला दगड डंपरमधून क्रशरवर जातो आणि खडी, कच, दगडाची भुकटी होऊन शहरात येतो. स्लॅबसाठी पाऊण इंची खडी मागवताना तिचं वय कोणी विचारत नाही. ते वय आहे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं.

कडा जरा निरखून पाहू. खालच्या अंगाला घट्ट, करडा-काळा, एकजीव दगड. वर जावं तशी त्यात बारीक भोकं दिसू लागतात, मग मोठी, मग अगदी चाळण. त्याच्यावर हातभर जाडीचा विटकरी लाल पट्टा. आणि त्या पट्ट्यावर पुन्हा पहिल्यासारखाच घट्ट काळा दगड.

घट्ट भागापासून लाल पट्ट्यापर्यंतचा हा सगळा ऐवज म्हणजे लाव्हाचा एक लोट. लाल पट्ट्यावर पुढचा लोट सुरू होतो. सह्याद्रीचे कडे पायऱ्या-पायऱ्यांनी चढताना दिसतात ते यामुळेच. घट्ट भाग टिकतो, त्याचा उभा कडा होतो. भोकांचा भाग झिजतो, त्याचा उतार होतो.

(दृश्य: कळसूबाई, हरिश्चंद्रगड. मग नकाशा: भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला.)

हे लोट आले कुठून? तेव्हा भारत आजच्या जागी नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. सरकताना तो एका तप्त ठिकाणावरून गेला. ते ठिकाण आजही थंड झालेलं नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी अधूनमधून उसळतो, तो त्याच्याच जोरावर.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्या पायाखाली लाव्हाचा समुद्र उकळत नाही. भूकवचाखालचं प्रावरण प्रचंड तापलेलं असलं तरी घन असतं, कारण वरचा दाब त्याला वितळू देत नाही. ते तापलेलं खडक-द्रव्य हळूहळू वर सरकलं की दाब कमी होतो, आणि तितक्याच उष्णतेत त्याचा थोडा अंश वितळतो. आच वाढवावी लागत नाही. वरचं ओझं उतरलं की पुरतं.

असा वितळलेला रस भेगांमधून वर आला आणि मैलोन्‌मैल पसरला. आग ओकणाऱ्या शंकूच्या आकाराच्या डोंगराचं जे चित्र पाठ्यपुस्तकात असतं, ते इथे फारसं लागू पडत नाही. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला; भूशास्त्राच्या हिशेबात ही घाईच म्हणायची. आज उरलेला पसारासुद्धा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे. महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून अधिक जमीन त्यानेच व्यापली आहे.

(दृश्य: दगडाचा ताजा फुटलेला तुकडा, भिंगाखाली.)

ताज्या फुटलेल्या तुकड्यावर ऊन धरा. काळं काही नुसतं काळं नसतं. मधूनमधून बारीक काड्या चमकतात. त्या प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाच्या. काळपट कण ऑजाइट या दुसऱ्या खनिजाचे. लोहाचं मॅग्नेटाइटही असतं, म्हणून काही दगडांजवळ होकायंत्राची सुई जराशी बिचकते. लाव्हा बाहेर येतो तेव्हा अकराशे-बाराशे अंश तापलेला असतो. उघड्यावर तो लवकर निवतो, स्फटिकांना वाढायला उसंत मिळत नाही, आणि कण बारीकच राहतात. हाच रस जमिनीच्या पोटात सावकाश निवला असता, तर डोळ्यांनी सहज मोजता येतील एवढे मोठे कण झाले असते.

याचा पुरावा मंचरच्या बाजूला आणि कसारा घाटात मिळतो. तिथल्या काही लोटांत फेल्डस्पारचे पांढुरके स्फटिक काही सेंटिमीटर लांबीचे आहेत, काळ्या दगडात आडवेतिडवे खुपसल्यासारखे. ते बाहेर पडण्याआधीच, खालच्या कोठ्यात थांबलेल्या रसात वाढले होते. लाव्हाने त्यांना आपल्याबरोबर उचलून वर आणलं.

(दृश्य: अंधेरी, गिल्बर्ट हिल. भोवती इमारती, माथ्यावर गावदेवीचं देऊळ.)

निवताना दगड आकसतो. आकसणारा लाव्हा जाड आणि एकसारखा असेल तर वरून खाली भेगा उतरत जातात आणि उभे बहुकोनी खांब सुटे होतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, सुमारे ६१ मीटर उंच. ती अशा खांबांचीच जुडी आहे. आजूबाजूचा दगड खणून नेला, एवढी उरली.

आता भोकांकडे वळू. खरं तर हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच आहे.

लाव्हात वायू विरघळलेले असतात. दाब सुटला की ते बुडबुडे होऊन वर धावतात, पण वरची साय तोवर घट्ट होत आलेली असते. बुडबुडे अडकतात. दगड होतो, आणि दगडात पोकळ्या राहतात: वाटाण्याएवढ्या, नारळाएवढ्या, कधी माणूस वाकून आत शिरेल एवढ्या. विहिरी खणणारे असल्या मऊ, ठिपक्याठिपक्यांच्या थराला मांजऱ्या म्हणतात. बांधकामाला तो कुचकामी. पाथरवटाने हातोडा मारला की बद्द आवाज येतो, आणि तो दगड बाजूला टाकतो.

खनिजांच्या दृष्टीने मात्र खजिना तिथेच आहे.

(दृश्य: मुठीएवढी फुटलेली पोकळी, हळूहळू जवळ.)

लोटांवर लोट चढले. वरून पाणी झिरपत राहिलं. खालचा ढीग अजून कढत होता. ते गरम पाणी दगडातली काच (म्हणजे झटपट निवल्याने स्फटिक न झालेला लाव्हा) आणि फेल्डस्पार कुरतडत गेलं. कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका सोबत घेऊन पोकळीत उतरलं. तिथे त्याला थांबायला जागा मिळाली. खडीसाखर करताना पाक न हलवता ठेवून देतात, तसंच काहीसं. फक्त इथे दिवसांऐवजी लक्षावधी वर्षं धरायची.

ही पोकळी बाहेरून आत वाचत जाऊ. दगडाला चिकटून हिरवट, मेणचट पातळ थर आहे, तो सेलाडोनाइटचा. अजिंठ्याच्या चित्रकारांनी वापरलेला मातकट हिरवा रंग याच जातीच्या हिरव्या मातीतून आला. निळ्यासाठी त्यांना परदेशी लाजवर्द आणावा लागला. हिरवा मात्र डोंगराने दिला. या थरावर ह्यूलँडाइटचे काचेसारखे तुकतुकीत स्फटिक. त्यांच्यावर स्टिल्बाइट: फिकट गुलाबी, पीचच्या रंगाचा, कणसाची पेंढी मधोमध आवळून बांधावी तशा आकाराचा. आणि सगळ्यांत शेवटी, उरलेल्या मोकळ्या जागेत, ॲपोफिलाइटचे चौकोनी, टोकदार, पाण्यासारखे स्वच्छ स्फटिक. पुण्याच्या पाषाणच्या टेकड्यांतून मिळालेला हिरवा ॲपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. प्रत्येक पोकळीत हाच क्रम असेल असं नाही. पाण्याची उष्णता बदलली, त्यात विरघळलेलं द्रव्य बदललं, की खनिजही बदलतं. कुठे स्कोलेसाइटच्या सुयांचे झुबके, कुठे साधं कॅल्साइट, कुठे नुसती गारगोटी.

स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट ही झिओलाइट कुळातली. १७५६ साली स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ ॲक्सेल क्रोनस्टेट यांनी असा एक दगड तापवला, तर त्यातून वाफ निघून तो फसफसू लागला. झिओलाइटची घडण आतून जाळीदार असते आणि त्या जाळीत पाणी बसलेलं असतं. तापवलं की निघून जातं, दमट हवेत पुन्हा शोषलं जातं. धुण्याच्या पावडरीत पाणी मृदू करायला झिओलाइट घालतात ते या जाळीसाठी. अर्थात तो कारखान्यात बनवलेला. ॲपोफिलाइट या कुळातला नाही, पण पंगत तीच.

(दृश्य: पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळा ठिपका.)

आणि हा निळा. कॅव्हनसाइट. कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचं सिलिकेट, रंग व्हॅनेडियमचा. १९६७ साली तो पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडला, पण त्याचे उत्तम नमुने वाघोलीच्या खाणींतले. जगातल्या कितीतरी संग्रहालयांत काचेआड मखमलीवर हा निळा गोळा ठेवलेला असतो आणि खालच्या चिठ्ठीवर वाघोली, पुणे असं लिहिलेलं असतं. ज्या शहराच्या नावाची ती चिठ्ठी, तिथल्या माणसाला याचा पत्ता नसावा, याचं मला नेहमी नवल वाटतं. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. तिथे एकदा जाऊन यावं.

गंमत अशी की पोकळी आणि तिच्यातला स्फटिक समवयस्क नसतात. काही स्फटिक दगडाहून कोट्यवधी वर्षांनी लहान निघाले आहेत. म्हणजे लाव्हा थंडगार झाला, वर डोंगर झिजू लागले, तरी आत काम चालूच होतं.

(दृश्य: लाल पट्टा, जवळून. मग काळा शेल, त्यावर बेडकाचा ठसा.)

लाल पट्टा राहिलाच. तो दोन लोटांमधल्या शांततेचा. एक लोट निवला, पुढचा यायला अवकाश होता. तेवढ्यात वरचा भाग ऊनपावसाने कुजून माती झाला, कुठे त्यात ज्वालामुखीची राखही मिसळली. काही जागी तळी साचली. मुंबईत वरळीला अशाच एका तळ्याचा गाळ दाबला जाऊन काळा शेल, म्हणजे पातळ पापुद्र्यांचा खडक, झाला, आणि त्यात बोटभरही लांब नसलेल्या बेडकांचे सांगाडे सापडले. इंग्रज जीवशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. गाळाचा खडक असा तयार होतो: कण साचतो, वरचं ओझं वाढतं, पाणी पिळून निघतं, उरलेली खनिजं कणांना सांधतात. चंद्रपूरचा कोळसा असलेले थरही गाळाचेच, पण ते या लाव्हाच्या फार आधीचे.

लाव्हाच्या खाली काय आहे? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडून पाहिलं, तर ३३८ मीटरवर काळा दगड संपला. खाली गाळाचा पातळ थर, आणि त्याखाली अडीच अब्ज वर्षांच्या घरातला प्राचीन खडक. असे जुने खडक उघड्यावर पाहायचे तर विदर्भात जावं लागतं. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मँगनीजची उघडी खाण आहे. ते मँगनीज मुळात पाण्याच्या तळाशी साचलेल्या गाळातलं. तो गाळ खोल गाडला गेला, तापला, दाबला गेला. वितळला मात्र नाही. घन अवस्थेतच त्यातल्या अणूंनी जागा बदलल्या आणि नवी खनिजं झाली: ब्राउनाइट, मँगनीजचा गार्नेट. रूपांतरित खडक म्हणजे हेच.

(दृश्य: रत्नागिरीचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. चिरेखाण, यंत्राच्या पात्याची कर्कश किंकाळी, लाल धूळ.)

कोकणात काळा पाषाण निराळ्या वाटेने गेला. वितळणं नाही, दाब नाही. फक्त पाऊस, ऊन आणि वेळ. मुसळधार पावसाने दगडातली सिलिका, कॅल्शियम, सोडियम धुऊन नेलं. लोह आणि ॲल्युमिनियम सहजी विरघळत नाहीत, म्हणून ते मागे राहिले आणि गंजून लाल झाले. तो जांभा. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं यातच कोरलेली आहेत. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली या दगडाचं वर्णन लिहिलं ते केरळातला पाहून, आणि त्यांनाही नवल वाटलं ते त्याच गोष्टीचं जी कोकणातल्या गवंड्याला पाठ असते: ताजा चिरा हत्याराने सहज तासता येतो, मग उघड्यावर वाळला की कडक होतो. पाणी निघून जातं आणि लोहाची संयुगं एकमेकांत घट्ट गुंततात.

कोल्हापूर जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पठारांवर हीच धुलाई आणखी पुढे गेली. तिथे लोहही कमी झालं, ॲल्युमिनियमचा वाटा वाढला, आणि जांभ्याच्या जागी बॉक्साइट उरला.